पाठ टेकणे आणि पाठीवर आपटणे

निवडणुकीत एखादा मातब्बर उमेदवार अनपेक्षितपणे पडला, म्हणजे मराठी वृत्तपत्रे त्याला ‘धोबीपछाड’ मिळाल्याचे लिहितात. आणि एखाद्या सभेत खुर्च्या फेकल्या जाऊन माणसे एकमेकांच्या अंगावर धावली, म्हणजे तीच वृत्तपत्रे त्या प्रकाराला ‘फ्रीस्टाइल’ म्हणतात. दोन्ही शब्द कुस्तीतून आलेले आहेत. पण दोन निरनिराळ्या कुस्त्यांतून. पहिला तालमीच्या लाल मातीतला. दुसरा दोरांनी वेढलेल्या, विजेच्या झगझगाटात उजळलेल्या रिंगमधला. वाचक त्या दोहोंची गल्लत करीत नाही. धोबीपछाड म्हटल्याबरोबर निकाल लागला हे त्याला कळते. फ्रीस्टाइल म्हटल्यावर निकाल काहीच लागलेला नाही, गोंगाट मात्र पुष्कळ झाला, असे तो समजतो. भाषेने नकळत केलेला हा भेद फार नेमका आहे, आणि त्याच्यामागे सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

मातीतल्या कुस्तीचा कायदा एका वाक्याचा आहे : ज्याची पाठ मातीला लागली, तो हरला. ढाक असो, कलाजंग असो की धोबीपछाड असो, सर्व डावांची धाव त्या एकाच क्षणाकडे असते. कलाजंगात मल्ल प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा घेतो. धोबीपछाडीत धोबी दगडावर कपडा आणतो तसा त्याला पाठीवरून पुढे आणतो. उचलणे आणि आपटणे ही इथे केवळ साधने होत. साध्य आहे ते आस्मान दाखवणे. ते आवाज न होता साधले तरी चालते. किंबहुना जाणकार प्रेक्षक अलगद झालेल्या चीतपटीला अधिक दाद देतो.

पाश्चात्त्य व्यावसायिक कुस्तीतील ‘बॉडी स्लॅम’ हा डाव वरवर पाहता ह्याच कुळातला वाटतो. एक हात प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही पायांमधून घालावयाचा, दुसरा त्याच्या खांद्यावरून मानेमागे न्यावयाचा, त्याला छातीशी आडवा उचलावयाचा आणि पाठीवर खाली आपटावयाचा. धाडकन आवाज होतो, प्रेक्षागृह घुमते आणि आपटलेला मल्ल पाठ चोळत उभा राहतो. त्याची पाठ जमिनीला लागली, पण तो हरला नाही. कारण पंचाने तीन मोजेपर्यंत दोन्ही खांदे दाबून धरल्याशिवाय ह्या कुस्तीत निकाल होत नाही. एकाच लढतीत एकच मल्ल दहा वेळा असा आपटला जातो आणि शेवटी जिंकतोही. मातीत जी घटना कुस्तीचा शेवट करते, ती इथे कुस्तीचा भराव होऊन बसली आहे. हे कसे घडले, हे पाहण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या लंडनमध्ये जावे लागते.

त्या काळी लंडनच्या नाट्यगृहांतून आणि मोठ्या प्रदर्शनगृहांतून कुस्तीचा अपूर्व बोलबाला होता. त्याचे मुख्य कारण म्हणजे जॉर्ज हॅकेनश्मिट हा मल्ल. हा रशियन साम्राज्यातील एस्टोनियाचा. ‘रशियन सिंह’ ह्या नावाने तो ओळखला जाई. त्याच्यासमोर अहमद मद्राली नावाच्या त्याच्याहून जड अशा तुर्की मल्लाला उभे करण्यात आले. 30 जानेवारी 1904 रोजी ऑलिम्पिया सभागृहात ही कुस्ती झाली. कुस्ती ग्रीको-रोमन पद्धतीची होती. प्राचीन नाव मिरवणारी ही पद्धत वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये घडलेली आहे. तीत कमरेखाली हात लावण्यास मनाई असल्यामुळे धड कवेत घेऊन उचलणे आणि फेकणे ह्याला विशेष महत्त्व येते. सलामी झाली, हॅकेनश्मिटने मद्रालीला कवेत घेतले, उचलले आणि खाली टाकले. मद्राली हातावर पडला आणि त्याचा हात निखळला. ह्या साऱ्याला 44 सेकंद लागले.

शहरभर ज्या लढतीची चर्चा होती, ती पाहण्यासाठी तिकीट काढून आलेल्या माणसाला 44 सेकंदांची कुस्ती मिळाली. तो दिवस त्याला जन्मभर आठवला असेल, ह्यात शंका नाही. पण कुस्ती भरवणाऱ्याच्या हिशेबवहीत हा प्रकार अडचणीचाच ठरतो. जो डाव खरा लागतो तो एकदाच लागतो. नंतर एक मल्ल वैद्याकडे जातो आणि दुसऱ्याशी लढायला तितक्या तोलाचा माणूस शोधावा लागतो.

उलट बाजूची अडचण सहा वर्षांनी, त्याच शहरात, एका हिंदुस्थानी मल्लाच्या कुस्तीत उघडी पडली. 1910 साली गामा आणि त्याचा भाऊ इमामबक्ष इंग्लंडात गेले. गामाची उंची सुमारे पाच फूट सात इंच. तेवढ्यावरून आरंभी त्याला स्पर्धेत घेण्यासच नकार मिळाला. मग त्याने जाहीर आव्हाने दिली, बेंजामिन रोलर ह्या अमेरिकन मल्लाला, जो पेशाने डॉक्टर होता, लोळवले आणि 10 सप्टेंबर 1910 रोजी ‘जॉन बुल’ पट्ट्यासाठी तो स्टॅनिस्लॉस झिबिस्को ह्या पोलिश मल्लासमोर उभा राहिला. पहिल्याच मिनिटाच्या आसपास गामाने त्याला खाली घेतले. त्यानंतर झिबिस्को पोटावर पडला आणि हातपाय पसरून तसाच राहिला. सुमारे अडीच तास तो तसा राहिला. जड, बळकट, कसलेला माणूस जमिनीला चिकटून राहण्याचा निश्चय करील, तर त्याला उलटवणे महाकठीण आणि उचलणे जवळजवळ अशक्य. गामासारख्यालाही ते साधले नाही. अंधार पडू लागल्यावर कुस्ती बरोबरीत सोडवण्यात आली. आठवड्याने, 17 सप्टेंबरला, ती पुन्हा व्हावयाची होती. झिबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाकडे गेला.

अमेरिकेतही हेच दुखणे होते. 4 जुलै 1916 रोजी ओमाहा येथे जो स्टेकर आणि एड लुईस ह्यांची कुस्ती सुमारे पाच तास चालून बरोबरीत सुटली. पाच तास उन्हात बसून दोन माणसांनी एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहणे पाहावयाचे, हा आनंद फारच थोड्यांना परवडणारा होता. म्हणजे खऱ्या कुस्तीला दोन शेवट होते : एक 44 सेकंदांचा आणि एक पाच तासांचा. दोन्ही विकायला कठीण.

ह्या पेचातून जो मार्ग काढण्यात आला, त्याच्याशी तीन माणसांची नावे जोडली जातात. जगज्जेता एड लुईस, ज्याला प्रतिस्पर्ध्याची मान दाबण्याच्या त्याच्या पकडीवरून ‘स्ट्रँगलर’ म्हणत. त्याचा व्यवस्थापक बिली सँडो. आणि टूट्स माँट नावाचा त्यांचा सोबती. विसाच्या दशकात ह्या मंडळींनी कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, तीत मुष्टियुद्धाचा वेग आणला, आणि डोळ्यांना एका क्षणात कळतील अशा डावांची त्यात भर घातली. कोपर किती अंशांत वळले आहे हे मागच्या रांगेतल्या माणसाला दिसत नाही. पण अडीचशे पौंडांचा माणूस उचलून आपटलेला कोणालाही दिसतो. कुस्तीचे निकाल ठरवून लावण्याची रीत त्याआधीही होती. नवीन होते ते हे, की आता निकालाबरोबर मधला खेळही ठरवला जाऊ लागला.

ह्या नव्या खेळाची कसोटी 8 जानेवारी 1925 रोजी कॅन्सस सिटीत लागली. लुईससमोर वेन मन हा नवखा मल्ल उभा होता. नेब्रास्का विद्यापीठाचा हा नावाजलेला फुटबॉलपटू साडेसहा फूट उंच आणि अंदाजे 260 पौंड वजनाचा होता. कुस्ती त्याला जेमतेमच येत होती. परंतु त्याने लुईसला लहान मुलासारखे उचलले, आपटले आणि एकदा तर दोरांवरून रिंगच्या बाहेर भिरकावले. जगज्जेतेपद मनकडे गेले. वृत्तपत्रांना एक नवा भीमसेन मिळाला, आणि ‘उचलून आपटणे’ हा एकच डाव जाणणारा माणूस जगातला सर्वश्रेष्ठ मल्ल ठरला. ज्या लुईसला स्टेकर पाच तासांत हलवू शकला नव्हता, त्याला ह्या नवशिक्याने कसे उचलले, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. त्याचे उत्तर सरळ आहे. लुईसने स्वतःला उचलू दिले. मन हा प्रेक्षक खेचणारा माणूस होता. काही महिने त्याच्यावर गल्ला जमवावा आणि मग पट्टा परत घ्यावा, असा बेत होता.

तो बेत मोडला, आणि मोडणारा माणूस होता लंडनमध्ये पोटावर पडून राहिलेला तोच झिबिस्को. आता त्याने पंचेचाळिशी ओलांडली होती. 15 एप्रिल 1925 रोजी फिलाडेल्फियात त्याने मनकडून हरावे, असे ठरलेले होते. प्रतिस्पर्धी गटाने त्याला फितवले होते, असे ह्या खेळाचे इतिहासकार मानतात. कुस्ती सुरू झाली आणि झिबिस्को खरोखरीच लढू लागला. साडेसहा फुटांचा जगज्जेता त्या म्हाताऱ्याला जागचा हलवू शकेना. उलट झिबिस्कोने त्याची पाठ पुन्हा पुन्हा टेकवली, इतकी की ते नाकारणे पंचाला अशक्य झाले. दीड महिन्याने झिबिस्को स्टेकरकडून हरला आणि पट्टा दुसऱ्या गटाकडे पोहोचला. मनचा कारभार तेथेच आटोपला. 1931 साली तो वारला. त्या एका रात्री फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांना, बहुतेकांना न कळताच, बॉडी स्लॅमचे सगळे रहस्य उघड करून दाखवण्यात आले होते : समोरच्याची संमती नसेल, तर हा डाव लागत नाही.

ह्या कथेचा एक धागा हिंदुस्थानात येऊन पोहोचतो. जानेवारी 1928 मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग ह्यांनी गामा आणि झिबिस्को ह्यांची कुस्ती आपल्या राजधानीत लावली. लंडनची बरोबरी अठरा वर्षे निकालाविना पडून होती. दोघेही पन्नाशीच्या घरात आलेले. ह्या वेळी झिबिस्कोला जमिनीला चिकटण्याची उसंतच मिळाली नाही. एक मिनिट पुरे होण्यापूर्वी गामाने त्याला चीत केले. अमेरिकेतील ठरवून घडवलेल्या कुस्तीचा बादशाही मुलूख पाहून आलेल्या मल्लाची पाठ पतियाळात एकदाच टेकली, आणि तेवढ्यावर सारे संपले. ह्या झिबिस्कोने पुढे 1950 साली ‘नाइट अँड द सिटी’ ह्या चित्रपटात भूमिका केली. लंडनमधील देखाव्याच्या कुस्तीचा तिटकारा असलेल्या, जुन्या ग्रीको-रोमन परंपरेतील वृद्ध मल्लाची ती भूमिका होती. दोन्ही बाजू इतक्या जवळून पाहिलेला दुसरा नट दिग्दर्शकाला मिळणे कठीण होते.

ठरवून झालेल्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ म्हणून हिणवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि पैज लावणाऱ्याची फसवणूक होत असेल तर ते हिणवणे रास्तच आहे. परंतु बॉडी स्लॅम खोटा आहे म्हणजे नेमके काय खोटे आहे, हे पाहण्यासारखे आहे. उचलला जाणारा मल्ल योग्य क्षणी पायांनी उसळी घेतो. एक हात उचलणाऱ्याच्या मांडीवर किंवा खांद्यावर टेकवून आपला भार स्वतःच थोडा वर लोटतो. त्याने अंग सैल सोडले तर ते ओल्या धान्याच्या पोत्यासारखे जड होते. खाली येताना तो हनुवटी छातीशी आणतो, म्हणजे डोक्याची मागची बाजू आपटत नाही. हात पसरतो आणि खांद्यांपासून कमरेपर्यंतची सारी पाठ एकाच वेळी टेकवतो, म्हणजे आघात एका जागी न बसता पसरतो. श्वास आधीच सोडलेला असतो. उचलणाऱ्याचेही काम असते. समोरच्याचे डोके आणि मान ही त्याची जबाबदारी. तेव्हा डाव दोघे मिळून करतात, एवढे खरे. पण खालच्या फळ्या लाकडाच्याच असतात. त्यांच्यावर पातळ गादी आणि कॅनव्हास, खाली लोखंडी तुळया. संगीत नाटकातील तलवार बोथट असते. इथली जमीन तशी बोथट करता येत नाही. शेकडो रात्री हे पडणे झेलल्यावर पाठीचे मणके आणि गुडघे त्याचा हिशेब मागतात. आपटणाऱ्याचे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत लागते. झेलणाऱ्याच्या कौशल्यावर तो डाव उभा असतो.

मूळ डाव एवढा साधा असल्यामुळे त्याला फाटे फुटणे स्वाभाविक होते. धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच वेगाने उचलून, त्याच्यासह खाली कोसळणे हा ‘पॉवरस्लॅम’. गळ्याला एका हाताने धरून वर नेणे आणि पाठीवर टाकणे हा ‘चोकस्लॅम’. तो उंच मल्लांना शोभतो, आणि त्यात उचलला जाणाऱ्याची उसळी नसेल तर तो क्षणभरही टिकणार नाही, हे उघड दिसते. समोरच्याला कवेत घेऊन स्वतः मागे कमानीसारखे वाकत त्याला डोक्यावरून फेकणे हा ‘सुप्लेक्स’. हा शब्द फ्रेंच भाषेतील लवचीकपणाच्या वाचक शब्दावरून आला आहे. हा फाटा मात्र वंशाने वेगळा. तो ग्रीको-रोमन कुस्तीतून सरळ आलेला आहे आणि ऑलिम्पिकच्या गादीवर आजही खऱ्या लढतीत लागतो. तो लागतो तेव्हा सारे सभागृह उभे राहते. पण तेथे तो क्वचितच लागतो, ही गोष्टही बोलकी आहे.

ह्या शाखेला जपानात विशेष बहर आला. 7 ऑक्टोबर 1957 रोजी टोकियोत अमेरिकन जगज्जेता लू थेझ आणि जपानचा लाडका मल्ल रिकिदोझान ह्यांची कुस्ती एक तास चालून बरोबरीत सुटली. प्रतिस्पर्ध्याला पाठीमागून कमरेला धरून मागे टाकणे हा थेझचा हातखंडा डाव जपानी मल्लांनी आत्मसात केला. पुढे कार्ल गॉच ह्या बेल्जियममध्ये जन्मलेल्या मल्लाने त्याच डावात कमान न सोडता, खांदे तसेच दाबून धरण्याची रीत रूढ केली. जर्मन म्हणून त्याची जाहिरात झालेली असल्यामुळे त्या डावाला ‘जर्मन सुप्लेक्स’ असे नाव पडले. हा गॉच आपल्या जपानी शिष्यांकडून जो व्यायाम करून घेई, त्यात हिंदुस्थानी दंड, बैठका आणि मुद्गल फिरवणे ह्यांना मोठे स्थान होते. लाल मातीची मेहनत अशा आडवाटेने टोकियोला पोहोचली.

तथापि मूळ स्लॅममध्ये पाठ टेकते. ह्या कमानीच्या डावांत मान आणि खांदे आधी टेकतात. प्रेक्षकांची भूक वाढत गेली तशी जपानी कुस्तीतील पडणी अधिकाधिक मानेकडे सरकत गेली. मित्सुहारू मिसावा हा त्या पिढीतील अग्रगण्य मल्ल होता. वर्षानुवर्षे असली पडणी झेलण्याबद्दल त्याची ख्याती होती. 13 जून 2009 रोजी हिरोशिमात, थेझच्या त्याच जुन्या डावानंतर तो उठला नाही. त्याच रात्री रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. त्याचे वय 46 होते. डाव बिनचूक झाला होता की नाही, ह्यावर पुष्कळ बोलले गेले. वर्षानुवर्षांची झीज त्या एका पडण्यात मोजली गेली, असे म्हणणारेही होते.

मुंबईकरांना ह्या साऱ्या प्रकाराची ओळख झाली ती पन्नास-साठच्या दशकांत. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्यांचे जंगी सामने भरू लागले. एका बाजूला हंगेरियन वंशाचा किंगकाँग, म्हणजे एमिल चाया, ज्याचे वजन चारशे पौंड सांगितले जाई. दुसऱ्या बाजूला पंजाबातील धरमूचक गावचा दारासिंग. दारासिंगने किंगकाँगला डोक्यावर उचलून फेकल्याची हकीकत आजही जुनी माणसे रंगवून सांगतात. दारासिंगने 1959 साली कलकत्त्यात जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल विजेतेपद मिळवले आणि 1968 च्या मे महिन्यात मुंबईत लू थेझला हरवले. रुपेरी पडद्यावर तो पुढे पौराणिक वीर झाला, ह्यात नवल नाही. गिरणीतल्या कामगाराला आणि वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला वरळीच्या रिंगमध्ये तो आधीच तसा दिसला होता.

तालमींतल्या वस्तादांना मात्र हा प्रकार रुचला नाही. त्यांच्या नाराजीला एक न्याय्य कारण होते, आणि ते नावाच्या गोंधळाचे होते. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये जे कांस्यपदक मिळवले, ते ‘फ्रीस्टाइल’ कुस्तीत. ती निव्वळ बळाची आणि बुद्धीची लढत होती. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच दशकात वरळीच्या भिंतींवर लागलेल्या जाहिरातींतही ‘फ्रीस्टाइल’ हाच शब्द होता. एकाच शब्दाने खाशाबांचे पदक आणि किंगकाँगचे डोळे वटारणे दोन्ही झाकले गेले. आज मराठीत तो शब्द हाणामारीसाठी उरला आहे, ही त्या पदकाची एक प्रकारे उपेक्षाच म्हणावी लागते.

मूळ अमेरिकेत, आपण करतो ती क्रीडा नसून करमणूक आहे अशी कबुली ह्या धंद्यातील सर्वांत मोठ्या कंपनीने 1989 साली न्यू जर्सी राज्याच्या सेनेटपुढे दिली. क्रीडा म्हटले की राज्याची देखरेख आणि कर आले. करमणूक म्हटले की ते टळले. साठ-पासष्ट वर्षे प्राणपणाने जपलेले गुपित अखेर कराच्या हिशेबात उघडे करण्यात आले. प्रेक्षक त्यामुळे कमी झाले नाहीत. 4 जुलै 1993 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्कच्या बंदरातील ‘इंट्रेपिड’ ह्या जुन्या विमानवाहू युद्धनौकेवर योकोझुना नावाच्या पाचशेहून अधिक पौंडांच्या ‘जपानी’ मल्लाला उचलून आपटण्याचा सोहळा झाला, आणि लेक्स लूगर ह्याने ते करून राष्ट्राची अब्रू राखली. हा योकोझुना वस्तुतः सामोअन वंशाचा अमेरिकन होता, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला.

परंतु ह्या डावाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला क्षण त्याआधी सहा वर्षांचा आहे. 29 मार्च 1987 रोजी मिशिगन राज्यातील पाँटियाक येथे हल्क होगन आणि आन्द्रे ‘द जायंट’ ह्यांची कुस्ती झाली. प्रेक्षकसंख्या 93,173 असल्याचे जाहीर करण्यात आले. तो आकडा फुगवलेला आहे, असे अभ्यासक म्हणतात. आन्द्रे हा फ्रान्समधील एका शेतकरी कुटुंबातला. शरीराची वाढ न थांबण्याच्या विकारामुळे त्याला तो प्रचंड देह मिळाला होता. त्याची उंची सात फूट चार इंच आणि वजन 520 पौंड सांगितले जाई. आन्द्रेला आजवर कोणीही उचलून आपटू शकलेले नाही, असे त्या रात्री पुन्हा पुन्हा घोषित झाले. ते खरे नव्हते. मेक्सिकोत कानेकने 1984 साली त्याला उचलले होते. खुद्द होगननेही 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर उचलले होते. आन्द्रे ज्याला योग्य समजे, त्याला तो हे करू देई. ज्याला तो योग्य समजत नसे, त्याच्या हातून ते होत नसे, आणि जोर लावून पाहणाऱ्याच्या वाट्याला फजिती येई.

पाँटियाकच्या कुस्तीत होगनने आरंभीच उचलण्याचा प्रयत्न केला आणि तो आन्द्रेखाली कोसळला. तोही खेळाचाच भाग होता. सरतेशेवटी त्याने आन्द्रेला आडवा उचलला, पाव वळसा घेतला आणि खाली आपटला. त्यानंतर पंचाने तीन मोजले. मनने लुईसला फेकले, त्याला बासष्ट वर्षे होऊन गेली होती, आणि डाव तोच होता. आदल्याच वर्षी आन्द्रेच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती; चालणेही त्याला त्रासाचे झाले होते. त्या रात्री त्याच्या काळ्या पोशाखाच्या आत, प्रेक्षकांना दिसू नये अशा बेताने, पाठीला आधार देणारा पट्टा आवळलेला होता. पुढे जवळजवळ सहा वर्षांनी, जानेवारी 1993 मध्ये, वडिलांच्या अंत्यविधीसाठी फ्रान्सला गेला असताना पॅरिसच्या एका हॉटेलात झोपेतच त्याचे निधन झाले.